इच्छेची ओळ

माझ्यासाठी एकोणीस बायका गुडघे टेकून प्रार्थना करताहेत, हे मला कळलं ते एका बटणामुळे.

मंगळवारची सकाळ. शिवणाचं दुकान नुकतंच उघडलं होतं, इस्त्री तापत होती. आमच्या चर्चच्या गायनमंडळातल्या घंटाबाई आत आल्या. घंटाबाई हे नाव मी आणि माझ्या नवऱ्याने मिळून ठेवलेलं. बाई कुजबुजल्या तरी समोरच्या न्हाव्याचा वस्तरा थांबतो, असा आवाज. त्यांच्या कोटाचं वरचं बटण तुटलं होतं. "बसा, लगेच लावून देते," म्हणून मी सुईत दोरा ओवला, तर बाईंनी माझं मनगट धरलं, डोळे ओले केले आणि म्हणाल्या, "मी रोज तुझं नाव घेते हं. त्या ओळीसाठी. धीर सोडू नकोस."

"कुठल्या ओळीसाठी?"

"अगं, ती इच्छेची. जिथे तू गप्प होतेस ती."

सुई अंगठ्यात घुसली. कोटावर रक्ताचा ठिपका पडला. तो मी थुंकी लावून काढला. आपलं रक्त आपल्याच थुंकीने निघतं, हे शिवणकामात पहिल्या महिन्यात कळतं.

"तुम्हाला कोणी सांगितलं?" मी विचारलं.

"शुक्रवारच्या बैठकीत विषय आला होता ना! एकोणीस जणी होतो. काय रडलो गं तुझ्यासाठी!" बाईंचा चेहरा चांगला उजळला होता. मी बटण लावलं, दोरा दातांनी तोडला आणि त्यांना दारापर्यंत पोचवलं. मग दाराला कडी घातली आणि कापायच्या टेबलाला धरून उभी राहिले.

ती गोष्ट जगात एकाच माणसाला माहीत होती. माझ्या ताईला.

ओळ म्हणजे काय, ते सांगते. दर रविवारी उपासनेत आम्ही सगळे उभे राहून प्रभूची प्रार्थना म्हणतो. प्रभूने आपल्या शिष्यांना शिकवलेली ती. लहानपणापासून तोंडात बसलेली, झोपेतून उठवलं तरी म्हणू. तिच्यात देवाच्या इच्छेप्रमाणे होऊ दे, अशी एक ओळ येते. माझा नवरा गेल्यापासून त्या ओळीला माझे ओठ मिटतात. आधीची म्हणते, नंतरची म्हणते. ती एक म्हणत नाही.

नवरा शिंपी होता. सगळी गल्ली त्याला मास्तर म्हणायची, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. चौदा महिने आजारी होते. मधे एका रविवारी आमच्या पाळकसाहेबांनी भर उपासनेत दोन्ही हात वर करून सांगितलं, की मला आतून स्पष्ट वचन मिळालंय, हा माणूस बरा होणार. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, वेडीने! घरी जाऊन त्यांचे हिवाळ्याचे कपडे उन्हात घातले, पुढच्या थंडीत लागतील म्हणून. ताईने तर दर बुधवारी उपास धरला, पाणीसुद्धा संध्याकाळी. पाच महिन्यांनी मास्तर गेले. आणि कबरीपाशी तेच पाळकसाहेब, त्याच तोंडाने म्हणाले, "देवाची इच्छा."

वा रे वा! जगला असता तर वचन, आणि मेला तर इच्छा. म्हणजे कसंही पडलं तरी तुमचंच खरं. तेव्हापासून ती ओळ माझ्या घशाखाली उतरत नाही, आणि घशातून वरही येत नाही.

हे मी ताईला सांगितलं होतं. तिच्या स्वयंपाकघरात, वाटाणे सोलता सोलता. ताई माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनेच वाढवलं. माझ्या वेण्या तिने घातल्या, माझा हात धरून शाळेचा रस्ता तिने ओलांडला. तिला सांगताना मला वाटलंसुद्धा नाही की मी कोणाला तरी काही सांगतेय. मी म्हटलं, "ताई, मला देव नकोय असं नाही गं. पण त्याच्यावर भरवसा ठेवायला भीती वाटते." तिने शेंगा बाजूला ठेवल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "माझ्या पोटातच राहील."

राहिली ती तीन आठवडे.

आता आमच्या शुक्रवारच्या बैठकीबद्दल. बायका गोल बसतात, प्रत्येकीने प्रार्थनेचा विषय सांगायचा. कोणाची परीक्षा, कोणाचे गुडघे. चांगली गोष्ट आहे, मी नावं ठेवत नाही. पण त्यात एक खोच आहे. कोणाच्या घरातलं उघडं करायचं असेल आणि चहाडीचं पाप नको असेल, तर डोळे मिटायचे आणि म्हणायचं, "प्रभू, आमच्या त्या भगिनीला सांभाळ, तिचा नवरा हल्ली घरी येत नाही." संपलं! दाराबाहेर चपला घालेपर्यंत सगळ्यांना सगळं ठाऊक. मीही बसलेय त्या गोलात, मीही कान टवकारलेत. फक्त मी स्वतः कधी विषय झाले नव्हते.

दुकानाच्या दाराला 'बंद'ची पाटी लावली आणि तडक ताईकडे गेले. ती मागच्या अंगणात चादरी वाळत घालत होती.

"ताई, तू सांगितलंस?"

तिने चिमटा तोंडात धरला होता. तो काढायला तिने फार वेळ घेतला. "मी प्रार्थनेलाच सांगितलं गं," ती म्हणाली. "चव्हाट्यावर नाही."

"काळजी वाटली तर देवाला सांगायचंस! त्याचे कान कमी पडले म्हणून एकोणीस बायकांचे घेतलेस?"

"ओरडू नकोस. शेजारी ऐकतील."

"ऐकू देत की! त्यांनाही विषय मिळेल!"

ताई चादरीच्या आड गेली. तिचे पाय तेवढे खाली दिसत होते. मी म्हटलं, "लोक केसाने गळा कापतात म्हणे. तू प्रार्थनेने कापलास." चादरीवरचा हात नुसता वर-खाली फिरत राहिला, सुरकुती नसलेल्या जागी. मी तशीच निघून आले. वाटेत इतकी रडले की भाजीवालीने हाक मारली तर तिला ओळखही दिली नाही.

खरं दुखलं कुठे, ते सांगू? देवाने मला फसवलं असं दोन वर्षं वाटत होतं. पाळकांनी फसवलं, हे तर दिवसाढवळ्या दिसत होतं. तरी मी चर्चला जात होते, कारण माझ्या शेजारी ताई उभी असायची. ती ओळ माझ्या वाटची तीच म्हणते, असं मी धरून चालले होते. आता तीही गेली. येत्या रविवारी शेवटचं जायचं, पाळकांच्या हातात चर्चची किल्ली ठेवायची आणि पुन्हा त्या दाराशी फिरकायचं नाही, असं मी ठरवून टाकलं.

किल्ली माझ्याकडे होती, कारण मुलांचा रविवारचा वर्ग मी घ्यायचे. बावीस वर्षं. ती किल्ली मागायला पाळकसाहेब गुरुवारी आपणहून आले. काखेत त्यांचा उपासनेचा काळा झगा.

"थोडा घट्ट होतोय," ते म्हणाले. "रविवारपर्यंत सैल होईल का?"

झगा मास्तरांनी शिवलेला. पाळकसाहेबांचं पोट आता त्यांच्या आधी खोलीत शिरतं. मी टेप घेऊन माप घ्यायला लागले. दोन्ही हात लांब करून ते उभे, आणि तशा अवताराने म्हणतात, "बाई, एक सुचवू? मुलांच्या वर्गातून थोडी विश्रांती घ्या. तुमच्या मनात सध्या जे चाललंय ते माझ्या कानावर आलंय. दोष देत नाही. पण मुलं कोवळी असतात. शंका पसरते."

टेप त्यांच्या पोटाभोवती होता. मी जरा आवळला.

"गोवर आहे का ती?" मी म्हटलं.

"तुमच्या भल्यासाठीच सांगतोय."

"तुम्ही एकदा आमच्या भल्यासाठी बोलला होतात. ते आठवतंय मला."

त्यांचा चेहरा पडला. हात खाली आले. किल्ली मी टेबलाच्या खणातून काढून त्यांच्यापुढे ठेवली, आणि ती त्यांनी घेतली. बावीस वर्षं, आणि दोन मिनिटांत मोकळी! ते गेल्यावर माझ्या डोळ्यांसमोर वर्गातल्या त्या बुटक्या खुर्च्या आल्या. तिथे एकदा एका दात पडलेल्या मुलीने मला विचारलं होतं, "बाई, इच्छेची ओळ प्रभूने त्या बागेत पण म्हटली ना? क्रुसाच्या आदल्या रात्री, त्याला पकडून द्यायला येत होते तेव्हा?" मी म्हटलं, "हो. आधी तो म्हणाला, हे दुःख माझ्यापासून टळू दे. मग ती ओळ म्हटली." तिने विचारलं, "रडत रडत म्हटली तर चालते?" मी म्हटलं, "चालते की." आणि रंगाचे खडू वाटायला घेतले. तेव्हा मास्तर धडधाकट होते. उत्तर द्यायला मला काही जड गेलं नव्हतं.

शुक्रवारी दुपारी झगा टेबलावर घेतला. मनात काय होतं, खोटं कशाला सांगू? सूड होता. कपडा सैल करायचा तर शिवणीच्या आत जास्तीचं कापड सोडलेलं लागतं. त्याला आम्ही माया म्हणतो. माया असेल तर शिवण उसवून कपडा सोडता येतो, नसेल तर देवही काही करू शकत नाही. हल्लीचे लोक कापड वाचवायला मायाच ठेवत नाहीत. मी ठरवलं होतं, शिवण उघडायची, बघितल्यासारखं करायचं आणि कळवून टाकायचं, पाळकसाहेब, माया नाही. रविवारी सगळ्यांसमोर हात वर करतील तेव्हा काखेत टर्रकन फाटू दे.

उसवणीने एकेक टाका काढत गेले. आत तीन बोटं माया होती.

दोन्ही बाजूंना. काखेत तर चार बोटं. कडा दुमडून हाताने तुरपलेल्या, दोरे सुटू नयेत म्हणून. टाके लहान-मोठे, वाकडे. मास्तरांचा टाका असा नव्हता कधी. मग आठवलं. हा झगा त्यांनी शेवटच्या हिवाळ्यात शिवला होता, हात थरथरायचे तेव्हा. ते वचन खोटं पडतंय हे आम्हा दोघांना कळून चुकलं होतं, फक्त एकमेकांना सांगत नव्हतो. मी तेव्हा चिडून म्हटलं होतं, "या माणसासाठी एवढं कापड कशाला सोडताय? नुसता तोंडाची वाफ दवडून गेला." मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं होतं. "माणूस वाढतो गं," ते म्हणाले. "पाळकही वाढेल. त्याला जागा ठेवायला नको?" मला वाटलं, ते पोटाबद्दल बोलताहेत. मी हसले होते.

मी त्या वाकड्या टाक्यांवर बोट ठेवून बसले. दार वाजलं आणि ताई आत आली.

घड्याळात साडेतीन. शुक्रवार. बैठकीची वेळ.

"तू इथे कशी?" मी म्हटलं. "आज विषय कोण आहे?"

तिने छत्री कोपऱ्यात ठेवली. मास्तरांच्या स्टुलावर बसली, जिथे कोणी बसलेलं मला चालत नाही, आणि हे तिला माहीत आहे. मी चहाचं विचारलं नाही.

"धाकटे," ती म्हणाली, "त्या दिवशी बैठकीत माझी पाळी आली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मला माझाच विषय सांगायचा होता."

"कसला?"

"मास्तर गेले त्या दिवसापासून मला प्रार्थना होत नाही. तुझी एक ओळ जाते. माझी सगळीच जाते. नुसते ओठ हलवते." तिचा आवाज अगदी सपाट होता. "मी एवढे उपास केले. मला वाटलं, निदान माझं तरी ऐकेल. मी बैठकीची सगळ्यांत जुनी. मी कुठल्या तोंडाने सांगू, की मला समोर कोणी आहेसं वाटत नाही? तोंड उघडलं, आणि तुझं नाव आलं."

मला क्षणभर समजलंच नाही. मग समजलं, आणि अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे त्या एकोणीस जणी तुझ्यासाठी रडल्या? माझं नाव घेऊन?"

"हो."

"आणि माझा वर्ग गेला. किल्ली गेली. तो माणूस मला सांगून गेला की मी गोवर आहे! आणि तू माझं अस्तर लावून आत लपलीस?"

"हो," ती म्हणाली. "प्रार्थना व्हावी असं फार वाटत होतं गं. माझ्यासाठी. कोणाच्याही नावाने."

मला तिला धक्के मारून बाहेर काढावंसं वाटलं. खरंच वाटलं. नुसती चुगली वाटत होती तोवर निदान त्यात माझी काळजी तरी होती; आता तर तीही निघून गेली. मी म्हटलं, "जा तू. आत्ता जा. नाहीतर मी काहीतरी बोलेन आणि ते मागे घेता येणार नाही." ती उठली. छत्री घ्यायला वाकली तेव्हा मला तिच्या ब्लाउजची मागची बाजू दिसली. खांद्याखाली शिवण ओघळली होती. ताई वाळली होती, आणि माझ्यासारख्या माप घेणाऱ्या बाईला, दर रविवारी शेजारी उभं राहून, ते दिसलं नव्हतं. दोन वर्षं मी फक्त माझीच ओळ मोजत होते. तरी मी तिला थांबवलं नाही. ती गेली.

मग झगा सैल केला. चांगला केला, दोन्हीकडे सारखा. काखेतली थोडी माया तशीच ठेवली, पुढे लागली तर असावी म्हणून.

शनिवारी सकाळी पाळकसाहेब न्यायला आले. घालून बघितला, हात वर केले, सहज गेले. "कापड होतं वाटतं आत," ते खूश होऊन म्हणाले.

"होतं. मास्तरांनी माया ठेवली होती तुमच्यासाठी. शेवटच्या हिवाळ्यात. त्यांचं काय होणार ते त्यांना कळलं होतं, तेव्हा."

त्यांनी हात हळूहळू खाली घेतले. बाहीची शिवण चाचपली. मग झगा उतरवला. घडी घालायचंही विसरले, तसाच हातावर टाकून गेले. किल्ली त्यांनी परत दिली नाही, मीही मागितली नाही.

रविवारी का गेले, मला विचारू नका. किल्ली द्यायला जायचं होतं, ती तर आधीच गेली होती. मी नेहमीच्या बाकाशी उभी राहिले. थोड्या वेळाने ताई आली आणि नेहमीसारखी माझ्या डावीकडे उभी राहिली. मी सरकले नाही आणि तिला जागाही करून दिली नाही. बाक तसा पुरेसा होता.

प्रार्थना सुरू झाली. सगळ्यांचे आवाज एकात एक मिसळून वर जातात, त्यात कोण म्हणतं आणि कोण नाही ते कळत नाही. पण त्या दिवशी मी कान देऊन होते. डावीकडून काहीच येत नव्हतं. मान जरा वळवली. ताईचे ओठ हलत होते, अगदी बरोबर, शब्दाला शब्द. आवाज नव्हता. दोन वर्षं मी या आवाजाच्या भरवशावर गप्प उभी होते!

इच्छेची ओळ आली.

मला ती दात पडलेली पोरगी आठवली. रडत रडत म्हटली तर चालते? आणि मला ती बाग दिसली. प्रभूचे मित्र झोपलेत, आणि त्याचाच एक माणूस त्याला धरून द्यायला वाट चालत येतोय, मुका घेऊन ओळख पटवायला. त्याला हे माहीत आहे. म्हणजे ही ओळ काही सुखाने टाळ्या वाजवणाऱ्याची नाहीच. ती फसवल्या गेलेल्या माणसाची आहे. आधी नको नको म्हणून झाल्यावरची. मी दोन वर्षं 'नको'पाशी उभी होते, आणि मला वाटत होतं मी एकटीच आहे तिथे.

मी ओळ म्हटली. प्रेमाने नाही हं. रागाने म्हटली, नाक गळत होतं, आवाज फाटला, आणि इतरांच्या अर्धा शब्द मागे पडला, त्यामुळे तो साऱ्या चर्चला ऐकू गेला. पुढच्या बाकावरून घंटाबाईंनी वळून बघितलं. मी त्यांच्याकडे असं बघितलं की मान लगेच सरळ झाली. पण म्हटली. माझ्या वाटची, आणि ताईच्याही.

पुढची ओळ रोजच्या अन्नाची. ती म्हणताना माझ्या डावीकडून एक घोगरा आवाज आला. बारीक, वापरात नसलेला. ताईचा. एवढी एकच ओळ म्हणाली ती, पण म्हणाली. मी पुढच्या बाकाला धरलं. बाकी कोणी ऐको न ऐको, कोणीतरी ऐकलं होतं एवढं मला पक्कं कळलं.

आणि मग क्षमेची ओळ आली. आमचे अपराध माफ कर, जसे आम्ही इतरांचे करतो, अशी. सगळं चर्च म्हणत होतं. पाळकसाहेब सैल झग्यात डोळे गच्च मिटून म्हणत होते. ताईने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. तिला मागवेना, मला देववेना. दोघीही गप्प उभ्या राहिलो.

तिने माझी करंगळी धरली. लहानपणी शाळेचा रस्ता ओलांडताना मी तिची धरायचे, तशी. मी ती सोडवून घेतली नाही.